तुझ्या जागेवर, बिनविरोध

वाम्या, मरणसुद्धा तुला शोभेल असंच आलं. दुसरबीडच्या युवक शिबिरात पोरांबरोबर नाल्याला बांध घालत होतास, हातात टिकाव होता, आणि तू जो खाली बसलास तो उठलाच नाहीस. दोनदा निवडून आलेला आमदार, सावलीत खुर्ची टाकून बसला असतास तर कोण काय म्हणणार होतं? पण नाही, तुला टिकावच पाहिजे. आता गावोगाव लोक सांगतात की वामनभाऊ मातीत पाय रोवून गेला. बातमी आली तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होतो. बांधावरच बसून रडलो, खोटं नाही सांगत. पण रडता रडता मनात येऊन गेलं, की मी मेलो तर बहुतेक बाजेवर खोकत मरेन, आणि लोक विचारतील, 'सिराम का? कधी?' तुझं प्रेत अजून आपल्या गावी, देऊळघाटला पोचलंही नव्हतं आणि मला तुझा हेवा वाटत होता.

आपल्या तरुण मंडळानं तुझा स्मृतिअंक काढला. माझ्याकडूनही लेख मागितला, मी दिला. त्यात 'निगर्वी' आहे, 'दिलदार' आहे, 'युवकांचा आधारस्तंभ' आहे. सगळे शब्द जागच्या जागी बसवले. वाचून लोकांचे डोळे पाणावले म्हणतात. हे मात्र त्यात मावणारं नव्हतं. हे फक्त तुला.

तरुण मंडळ मी काढलं होतं. हे एकदा लिहूनच ठेवतो, कारण आता कुणाला आठवत नाही. मारुतीच्या पारावर पाच पोरं जमवून, मॅट्रिक पास झालेल्या सिरामनं काढलं होतं. घटना मी लिहिली, अध्यक्ष मी, चिटणीसही मीच. तू तेव्हा मॅट्रिकला दोनदा आपटून तिसऱ्यांदा आपटायच्या तयारीत होतास. मोटारस्टँडजवळ जी टोळी दिवसभर पत्ते कुटायची, तिला मंडळात आणायचं मी मनावर घेतलं. उभा राहून तासभर भाषण केलं, व्यसनांवर, राष्ट्रावर, तरुणांच्या कर्तव्यावर. भाषण संपल्यावर त्यातला एक म्हणाला, "झालं का मास्तर? मग जरा बाजूले सरका, ऊन आडवून राह्यले तुमी."

दुसऱ्या दिवशी तू गेलास. भाषण नाही, काही नाही. त्यांच्यात मांडी घालून बसलास आणि तीन डाव हरलास. चौथा जिंकलास तेव्हा म्हणालास, "आता मी जिंकलो ना? मग मी सांगतो थे करा लागते." आणि त्या सगळ्या टोळीला घेऊन गावविहिरीजवळचा चिखल उपसायला लावलास. संध्याकाळपर्यंत तिथं शोषखड्डा तयार. मी कडेला उभा राहून पाहत होतो. पोरं तुझ्याकडे पाहून हसत होती, आणि चिखलानं बरबटलेला तू माझ्याकडे पाहून ओरडलास, "अध्यक्षसाहेब, पाणी तरी आणा ना बे!" मी पाणी आणलं. त्या दिवसापासून पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच.

माझ्या आईचं तरी काय! मी दिवसभर मळ्यात राबून घरी यावं, तर दारातूनच विचारायची, "वाम्या नाही आला?"

"त्याचं घर नाही का त्याले?"

"हाय ना. पण थो जेवताना बोलते. तू नुसता चावते."

माझ्या आईच्या हातचा ठेचा तू माझ्यापेक्षा जास्त खाल्ला असशील. ती गेली तेव्हा खांदा द्यायला तू मुंबईहून धावत आलास, आणि लोक म्हणाले, पोटच्या पोरासारखा रडला. मी पोटचा पोरगा तिथंच उभा होतो. माझ्या डोळ्याला पाणी लवकर येत नाही, हा काय माझा दोष?

पण एक गोष्ट माझी होती, अगदी माझी. ती म्हणजे बैलांची वही.

गुरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचायची मोहीम निघाली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांबरोबर मंडळाची पोरं गावोगाव फिरत होती. लोक जनावरं लपवायचे. सुईनं बैल निकामी होतो असा समज होता. गुरं किती, विचारलं तर निम्मी सांगायचे. तेव्हा मी एक युक्ती काढली. किती ते विचारायचंच नाही, आधी नाव विचारायचं. आपल्याकडचा माणूस पोरं किती आहेत ते सांगताना अडखळेल, पण बैलाचं नाव विचारलं की त्याचा चेहरा खुलतो. 'हा सर्जा, थो पवळ्या, अन् तिकडचा थो हूड हाय, त्याच्याजवळ जाऊ नोका.' मी नाव लिहायचो, मालकाचं, गावाचं आणि बैलाचं. डॉक्टर वैतागून म्हणाले होते, सरकारी फॉर्ममध्ये हा रकाना नाही. मी म्हटलं, मग माझ्या वहीत राहू द्या. देऊळघाटपासून घाटाखाली धामणगाव बढेपर्यंत, घरोघरचे बैल त्या वहीत होते.

तुला निवडणुकीला उभं राहायचं होतं तेव्हा आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, मंडळ राजकारणात पडणार नाही, तसा घटनेत ठराव आहे. तू म्हणालास, "सिराम, शोषखड्डे किती खणशील बे? गटारी बांधाच्या का नाही, थे तिकडं वर ठरते. तिकडं कोणीतरी जा लागते." मी म्हणालो, 'कोणीतरी' म्हणजे तूच काऊन? तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं, त्या क्षणी तुला कळलं होतं की ठराव वगैरे सगळं वरवरचं आहे आणि सिरामला स्वतःलाच उभं राहायचंय. तू मला विचारलं असतंस, 'तू राहतोस का?' तर मी नाहीच म्हटलं असतं. पण तू विचारलं नाहीस. खरं भांडण हे होतं, आणि ते राहूनच गेलं. तू मंडळाचा राजीनामा दिलास, तुझ्या मागोमाग सगळी पोरं गेली, आणि मी घटनेची प्रत घेऊन पारावर एकटा बसलो. चार दिवस रुसून पाहिलं. कुणी समजूत काढायला येईना तेव्हा पाचव्या दिवशी वही बगलेत मारून मीच तुझ्या घरी आलो. माझ्याशिवाय तुझं चाललंय, हे मला पाहवत नव्हतं.

मग सुरू झाली ती आपली पद्धत. गावात शिरण्याआधी मी वही उघडून तुला म्हणून दाखवायचो. तू दोनदा घोकायचास. मॅट्रिकला पाठांतरात नापास झालेला माणूस, पण बैलांची नावं तुला लगेच पाठ! अंगणात शिरलास की मालकाला रामराम, आणि लगेच, "पवळ्याचा खूर बरा झाला का हो?" माणूस पाघळलाच. लोक म्हणायचे, असा पुढारी पाहिला नाही, आपले बैल नावानिशी ओळखतो. मी मागे उभा असायचो, माझ्या वहीतलं माझं अक्षर तुझ्या तोंडून ऐकत. खीर मी शिजवायची आणि ताटावर तू बसायचं, असं चाललं होतं.

आता धामणगावचं सांगतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

धामणगावचे उकंडाजी म्हणजे त्या भागातलं मोठं वजनदार माणूस. शेती मध्यम, पण शब्दाला मान मोठा. त्यांच्या दावणीला सोन्या आणि मोत्या अशी जोडी होती. पोळ्याला ती जोडी निघाली की लोक वाटेत थांबायचे. पहिल्या निवडणुकीत आपण तिथं जायच्या तीन दिवस आधी मी बाजाराला गेलो होतो, तिथं कळलं की सोन्याला बांधावर पान लागलं. साप कुणी पाहिलाही नाही, बैल तोंडाला फेस येऊन तासाभरात गेला. उकंडाजींनी दोन दिवस चूल पेटू दिली नाही, असं सांगणारा सांगत होता. मी ऐकलं, मिरच्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि घरी आलो.

बैल गेला की वहीत त्याच्या नावावर मी फुली मारायचो, सोन्याच्या नावावर मारली नाही.

राजूरच्या घाटातून उतरताना तू जीपमध्ये घोकत होतास, "धामणगाव, उकंडाजी, सोन्या-मोत्या. सोन्या डावा ना रे?" मी म्हटलं, हो, डावा. तोंडातून शब्द बाहेर पडत होते आणि आतून कुणीतरी म्हणत होतं, सांग, अजून वेळ आहे. मी नाही सांगितलं. मला एकदा, फक्त एकदा, तुझी जीभ घसरलेली पाहायची होती. चारचौघांत तुझा चेहरा पडलेला कसा दिसतो, ते पाहायचं होतं. निवडणूक हरावीस असं काही मनात नव्हतं. निदान तसं मी स्वतःला सांगत आलोय.

अंगणात पन्नासेक माणूस जमलेलं. तू रामराम घातलास आणि हसत हसत मोठ्यानं म्हणालास, "उकंडाजी, सोन्या काय म्हणते?"

उकंडाजींच्या बायकोनं तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

तुझ्या जागी मी असतो तर माफी मागितली असती, काहीतरी सारवासारव केली असती आणि मिनिटाभरात जीपमध्ये बसलो असतो. तू मात्र चपला काढल्यास, गोठ्यात गेलास, मोत्याच्या डाव्या बाजूला रिकामा खुंटा होता, त्याच्याजवळ शेणातच बसलास आणि मोत्याच्या गळ्याखाली हात फिरवत राहिलास. थोड्या वेळानं उकंडाजी उठून आत आले आणि तुझ्याजवळ बसले. दोघं किती वेळ बसला होतात ते मला माहीत नाही. बाहेर येताना त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता. मताचं नाव तू काढलं नाहीस. नांगरट तोंडावर आलेली, एका बैलावर माणूस काय करणार? चौथ्या दिवशी तू तुझा मंगळ्या धामणगावला नेऊन बांधलास, नांगरट होईपर्यंत राहू द्या म्हणालास. वहिनी तुझ्यावर आठ दिवस धुमसत होत्या. आणि धामणगावनं तुला अशी मतं दिली की तिथं समोरच्याचा माणूस पेटीजवळ उभा राहायला लाजला.

मी खड्डा खणला आणि तू त्याची विहीर केलीस. मला तुझा सगळ्यात जास्त राग कधी आला असेल तर तेव्हा.

परत येताना घाट चढत होतो. जीप गरम झाली म्हणून थांबलो. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. तू दगडावर बसून विडी पेटवलीस आणि माझ्याकडे न पाहता विचारलंस, "सिराम, तुले माहीत होतं का बे?"

"काय?"

"सोन्याचं."

"नाही ना."

"बरं," म्हणालास. विडी संपवलीस. एवढंच. पुढं कधी तो विषय काढला नाहीस. पण तेव्हापासून, वाम्या, प्रत्येक अंगणाच्या तोंडाशी, प्रत्येक वेळी, मी नाव सांगितलं की तू हळूच विचारायचास, "जिता हाय ना?" आणि हसायचास. पोरं पण हसायची, त्यांना ती आपली नेहमीची गंमत वाटायची. मीही हसायचो. दोन निवडणुका आणि मधली सगळी वर्षं मी ते वाक्य ऐकलं आणि ते तू कसं म्हणतोस ते मला एकदाही कळलं नाही. तुला माहीत होतं? की तुझा माझ्यावर एवढा विश्वास होता की तू निव्वळ थट्टा करत होतास? पहिलं खरं असेल तर तू मला रोज माफ करत होतास, आणि त्याची मला चीड येते. दुसरं खरं असेल तर मला स्वतःची चीड येते. एकदा दवाखान्यात तुझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं होतं, "वाम्या, धामणगावले आपण गेलतो..." तर तू म्हणालास, "हाव, उकंडाजीचा मोत्या गेला मागच्या महिन्यात. वहीत फुली मार." मी फुली मारली.

आता इथलं सांगतो, तुला कळलं नसेल म्हणून.

तेरावं झालं आणि पक्षाची माणसं माझ्या दारात आली. पोटनिवडणूक लागणार, तुम्ही उभे राहा. मला आधी खरंच वाटेना. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव तुटत होता ती गोष्ट स्वतःच्या पायानं चालत मळ्यात आली होती आणि वांग्याच्या सऱ्या तुडवत उभी होती. मी म्हटलं, विचार करतो. मनातून तर केव्हाच हो म्हटलं होतं. मग वहिनी आल्या. पांढऱ्या कपाळाच्या वहिनींकडे मला पाहवेना. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच उभे राहा. थे नेहमी म्हणत, माह्यामागं सिरामच. तुमाले नाही सांगतलं कधी?"

नाही सांगितलं. घ्या! म्हणजे ही खुर्चीसुद्धा तूच दिलेली. मला हवी असलेली एकही गोष्ट मला तुझ्या हातून न जाता मिळणार नव्हती का?

तरी मी अर्ज भरला. ठराव, घटना सगळं पारावर राहिलं. मी स्वतःशी म्हटलं, अर्ज भरेपर्यंत वाम्याचं नाव, पुढं गावोगाव फिरेन, भाषणं करेन, ती माझी. पहिला धामणगावला गेलो. उकंडाजी आता थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. मी त्यांच्यापुढं बसलो आणि जे तुला सांगता आलं नाही ते त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, बाजार, मिरच्यांची पाटी, फुली न मारलेली वही. मला वाटलं, हाकलून देतील. बरं वाटलं असतं. त्यांनी बराच वेळ काडीनं दात कोरले आणि म्हणाले, "माणसाच्या मनात येते असं. तुमी काही काळजी करू नोका, गाव तुमच्यामागंच हाय. वामनभाऊचे माणूस तुमी."

मी तिथून उठलो तो तडक बुलढाण्याला वकीलसाहेबांकडे गेलो. हे तेच, ज्यांना तू दोन्ही वेळा पाडलंस. त्यांनीही अर्ज भरलेला होता आणि ते माघार घेणार अशी कुणकुण लागली होती. मी हात जोडले. "वकीलसाहेब, अर्ज मागं घेऊ नका." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी म्हटलं, नाही हो, खरंच लढा. वाटेल ते बोला माझ्याबद्दल, सभा घ्या, पण लढा. ते उठून माझ्याजवळ आले, आणि वाम्या, त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "सिरामभाऊ, तुमचं मन मोठं आहे. पण वामनराव जाऊन चार महिने नाही झाले. त्यांच्या माणसाविरुद्ध मी उभा राहिलो तर या जिल्ह्यात मला पाणी कोण पाजील?" मन मोठं! मी काय मागत होतो ते त्यांना कळलंच नाही, आणि समजावून सांगायची मला लाज वाटली.

आज दुपारी मुदत संपली. वकीलसाहेबांचा अर्ज मागे, बाकी दोघांचेही मागे. निवडणूक अधिकाऱ्यांनी कागद माझ्यापुढं केला आणि अभिनंदन केलं. मी बिनविरोध निवडून आलो. कचेरीबाहेर आपली पत्ते कुटणारी पोरं उभी होती, आता त्यांच्या मिशा पिकल्यात. त्यांनी गुलाल उधळला आणि घोषणा दिल्या. सगळ्या तुझ्या नावाच्या. एकानं मध्येच आठवण झाल्यासारखं माझंही नाव घेतलं, पण ते पुढं कुणी उचललं नाही.

तू जिवंत असतास तर पुढच्या खेपेला मी तुझ्याविरुद्ध उभा राहणार होतो. मनाशी ठरवलं होतं, देवाशपथ. सपाटून पडलो असतो, माहीत आहे मला. पण कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी पेटीत, माझ्या नावावर शिक्का मारलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या असत्या. कुणीतरी आडोशाला जाऊन, दोन्ही नावं वाचून, तुला सोडून मला निवडलं असतं. ती चार माणसं कोण, हे मी आयुष्यभर शोधत फिरलो असतो. आता पेट्याच निघणार नाहीत. तुझ्या जागेवर मी जाऊन बसणार आणि मला एकसुद्धा मत पडलेलं नसणार.

चार नाही तर नाही, एक तरी हमखास होतं असं मी धरून चाललो होतो, माझं स्वतःचं. घरी आल्यावर त्याचाही विचार केला. तो आडोसा डोळ्यांपुढं आणला, हातात शिक्का, समोर आपली दोघांची नावं. हात कुठं गेला असता ते मला दिसलं, वाम्या. तुझ्याच नावावर.